शिकवण्याचं पाचारण आणि तासिकेचा हिशेब

एका वाचक ताईंचं मोठं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून त्याचा सारांश देते.

वय अडतीस. अहिल्यानगर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. घर तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती, वडील प्राथमिक शिक्षक होते. मानसशास्त्रात एम. ए., मग सेट ही प्राध्यापकपदासाठीची राज्य पात्रता परीक्षा, मग पीएच. डी. गेली अकरा वर्षं एका अनुदानित महाविद्यालयात तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या मानधनावर शिकवतात. दर जूनला नव्याने मुलाखत, नव्याने नेमणूक. मानधन तीन-चार महिन्यांनी एकदम जमा होतं, उन्हाळ्यात काहीच नाही. मधे एकदा कायम जागा निघाली, पण संस्थेने जी रक्कम मागितली ती देणं परवडणारं नव्हतं आणि मनाला पटणारंही नव्हतं. यजमान पतसंस्थेत नोकरीला, मुलगी दहावीत, मुलगा सहावीत.

ताई लिहितात, “कॉलेजात असतानाच प्रार्थनेत मला खात्री झाली होती की देवाने मला शिकवायला बोलावलंय. ती खात्री आजही आहे. पण आमचे पाळकसाहेब म्हणतात, जगाचं मानसशास्त्र शिकवून देवाच्या राज्यात काय भर पडते? त्यापेक्षा बायबल कॉलेजात समुपदेशन शिकव, ती खरी सेवा. भाऊ म्हणतो, अकरा वर्षं फुकट राबलीस, पुण्याला ये, कंपनीत समुपदेशकाची नोकरी लावून देतो. यजमान काहीच बोलत नाहीत आणि त्याचंच ओझं जास्त वाटतं. परवा वर्गात धर्माला भ्रम म्हणणारा मनोविश्लेषक फ्रॉइड शिकवत होते. एका मुलाने विचारलं, मॅडम, तुम्ही तर चर्चला जाता, मग फ्रॉइड बरोबर की तुम्ही? मला उत्तर सुचलं नाही. हे पाचारण आहे की माझा हट्ट? पाचारण असेल तर दार का उघडत नाही?”

प्रिय ताई,

तुमच्या पत्रात आणखी एक प्रसंग आहे. तो तुम्ही जाता जाता लिहिलाय, पण माझं उत्तर मी तिथूनच सुरू करते. द्वितीय वर्षाच्या वर्गात तुम्ही सेलिगमन आणि मायर यांचे प्रयोग शिकवत होतात. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. १९६७ साली अमेरिकेत या दोघांनी कुत्र्यांवर केलेले हे प्रयोग. कितीही धडपड केली तरी विजेचा धक्का चुकवता येत नाही, असा अनुभव काही कुत्र्यांना आधी देण्यात आला. मग त्यांना अशा पेटीत ठेवलं, जिथे मधला बुटका अडसर ओलांडला की सुटका होती. त्यातले बरेचसे कुत्रे जागचे हललेच नाहीत. तास संपल्यावर ऊसतोड कामगाराची एक मुलगी तुमच्या टेबलापाशी आली आणि म्हणाली, “मॅडम, माझी आई अशीच आहे. मुकादमाची उचल फिटली तरी दुसरं काम बघूया म्हणत नाही.”

अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीला पुस्तकातल्या प्रयोगात स्वतःची आई दिसावी, आणि आईवर चिडण्याऐवजी तिला आई कळावी, हे कुठल्याही शिक्षकाकडून सहज होत नाही. मी आयुष्यभर हाच विषय शिकवला आहे, म्हणून ठामपणे सांगते, तुम्हाला शिकवता येतं. पाचारण की हट्ट, हा प्रश्न पडतो तेव्हा माणसं मनातली खात्री तपासत बसतात, आणि मनातली खात्री कधी पक्की असते, कधी डळमळते. त्यापेक्षा तुमच्या कामातून समोरच्याला काय मिळतं ते बघावं. हट्ट असता तर पत्रात तुमची पदवी, ज्येष्ठता आणि अन्याय एवढंच आलं असतं. ही मुलगी आली नसती.

बायबलमधली शमुवेलाची गोष्ट तुम्हाला पाठ असेल, संडे स्कूलमध्ये शिकवलीही असेल. मंदिरात झोपलेल्या त्या मुलाला हाक ऐकू येते आणि तो उठून मंदिराचा याजक एली याच्याकडे धावतो. पुन्हा हाक, पुन्हा एलीकडे. हाक कोणाची आहे हे त्याला स्वतःला कळत नाही, ते म्हाताऱ्या एलीला कळतं. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते, कारण पाचारण हा माणसाचा आणि देवाचा बंद खोलीतला व्यवहार आहे, असं आपण समजून चालतो. ते ओळखायला दुसरं माणूस लागतं. तुमच्या बाबतीत ते काम विद्यार्थ्यांनी केलंय. आता ते यजमानांना करू द्या. ते बोलत नाहीत असं तुम्ही लिहिता, पण तुम्ही त्यांना नेमकं काय विचारलंत ते पत्रात कुठेच नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न. पाचारण असेल तर दार का उघडत नाही? या प्रश्नात एक गृहीत दडलंय: देवाने शिकवायला बोलावलं म्हणजे त्याच महाविद्यालयात, त्याच विभागात, कायम जागेवर बोलावलं. असं कोणी सांगितलं? तुमच्या पत्रातली प्रार्थना शिकवण्याची आहे. तालुक्याचं नाव तिच्यात नाही. जागा न निघण्याची कारणं तर अगदी ऐहिक आहेत. पदभरतीला शासनाची मान्यता वर्षानुवर्षं अडकते. मानसशास्त्रासारख्या विषयाला विद्यार्थी कमी, त्यामुळे वर्कलोड कमी, त्यामुळे पद मंजूर होत नाही. आणि पद मंजूर झालंच तर काही संस्था त्याचा लिलाव मांडतात. यातली एकही गोष्ट देवाचा नकार नाही. पैसे द्यायचं तुम्ही नाकारलंत, ते योग्यच केलंत. त्यापायी जागा गेली म्हणून स्वतःच्या विश्वासावर शंका घेऊ नका.

इथे मला तुमच्याच तासाकडे परत यावं लागतं, रागावू नका. अकरा वर्षं दर जूनला तुम्ही त्याच दालनात त्याच मुलाखतीला बसता. या काळात दुसरीकडे किती अर्ज केलेत, हे पत्रात आलेलं नाही आणि मला वाटतं केलेच नसावेत. त्या मुलीने आईबद्दल जे म्हटलं ते थोडंसं तुम्हालाही लागू नाही का? सेलिगमन आणि मायर यांनी २०१६ साली स्वतःचाच सिद्धान्त दुरुस्त केला, हे तुम्हाला माहीत असेलच. मेंदूवरच्या पुढच्या संशोधनातून त्यांच्या लक्षात आलं की असहायता शिकावी लागत नाही. दीर्घकाळ त्रास झाला की निपचित होणं हा प्राण्याचा मूळचाच प्रतिसाद आहे. शिकावं लागतं ते उलट, आपल्या हातात काहीतरी आहे हे. हात-पाय हलवले आणि काहीतरी बदललं, असा अनुभव घेतल्याशिवाय ते शिकता येत नाही. म्हणून तुम्हाला माझा पहिला आग्रह मोठ्या निर्णयाचा नाहीच. या महिन्यात एक अर्ज बाहेर पाठवा. जागा मिळेल म्हणून नव्हे, अर्ज पाठवणाऱ्या माणसाचं मन परत मिळेल म्हणून.

पाचारणाचा मुद्दा इथेच सोडता येणार नाही. तो तुमच्याविरुद्ध वापरला जातोय आणि त्याला तुम्हीही हातभार लावताय. २००९ साली बंडरसन आणि थॉम्पसन या दोन संशोधकांनी अमेरिका-कॅनडातल्या प्राणिसंग्रहालयांत जनावरांची देखभाल करणाऱ्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शिकलेली माणसं, पगार बेताचा, काम पिंजरे धुण्यापासून रात्री-अपरात्री आजारी जनावरापाशी बसण्यापर्यंत. त्यांतल्या ज्यांना हे काम म्हणजे आपल्याला आलेलं बोलावणं वाटत होतं, त्यांना कामात खोल अर्थ सापडत होता. पण तीच माणसं पैसा, वेळ आणि आराम सोडून द्यायलाही जास्त तयार होती, आणि व्यवस्थापनाने त्याचा फायदा घेतला तर अडवायला बिचकत होती. ज्या कामासाठी आपला जन्म आहे असं वाटतं, त्या कामात घासाघीस कशी करायची?

तुमचंही तेच झालंय. तासिकेचं मानधन मिळतं वर्गात उभं राहिलेल्या तासाचं. पण महाविद्यालयाच्या मूल्यांकनाची, म्हणजे नॅकची फाइल तुम्ही करता, प्रश्नपत्रिका काढता, एन.एस.एस.च्या शिबिरात स्वयंपाकाची देखरेख तुमच्याकडे, आणि संध्याकाळी विद्यार्थ्यांचे फोन. “मॅडम करतील,” असं विभागात गृहीत धरलेलं असतं. यातलं काय प्रेमाने करता आणि काय जागा जाईल या धास्तीने, ते एकदा वहीत दोन रकान्यांत लिहून काढा. धास्तीच्या रकान्यातली कामं पुढच्या सत्रापासून नम्रपणे नाकारायला सुरुवात करा. कामकरी मजुरीला पात्र असतो, हे प्रभू येशूचं म्हणणं सेवेला पाठवलेल्या शिष्यांबद्दलच आहे. आणि करिंथात पौल अक्विला-प्रिस्किल्लेबरोबर तंबू शिवत होता. पोट कशावर भरायचं आणि बोलावणं कशाचं, या दोन गोष्टी तो वेगळ्या ठेवू शकत होता. तुमच्या घरात मुलीच्या अकरावीचा खर्च तोंडावर असताना हा विचार करणं म्हणजे विश्वासात उणं पडणं, असं मुळीच समजू नका.

आता पाळकसाहेबांचं म्हणणं. तुमच्या भल्यासाठीच ते बोलत असतील, पण “जगाचं मानसशास्त्र” हा शब्दप्रयोग मला मान्य नाही. आणि तुमच्या जिल्ह्यात तर तो फारच परका वाटतो. अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फरार १८२७ मध्ये मुंबईत आल्या, पुढे नगरला मुलींच्या शाळा चालवत राहिल्या. त्यांच्या शाळा बघून जोतीराव फुल्यांना मुलींची शाळा काढायची प्रेरणा मिळाली, आणि सावित्रीबाईंनी नगरला त्यांच्याकडेच प्रशिक्षण घेतल्याचं सांगतात. त्या शाळांत मुली वाचायला शिकल्या, गणित शिकल्या. ते शिकवणं सेवेहून कमी होतं, असं नगरच्या कुठल्या ख्रिस्ती मंडळीने म्हटलं असेल?

ख्रिस्ती विश्वास आणि मानसशास्त्र यांचं नातं काय, यावर पाश्चात्त्य जगात मोठा वाद झाला आहे, आणि पाळकसाहेबांच्या बोलण्यात त्याची एकच बाजू येते. १९७० मध्ये जे ॲडम्स या अमेरिकन पाळकाने अशी भूमिका मांडली की माणसाच्या मनाच्या बहुतेक दुखण्यांना पवित्र शास्त्राची शिकवण आणि बोध पुरेसा आहे, मानसोपचारवाल्यांची तिथे गरज नाही. त्याच्या पाच वर्षं आधी, १९६५ साली, कॅलिफोर्नियातल्या फुलर थिऑलॉजिकल सेमिनरी या पाळक घडवणाऱ्या संस्थेने मानसशास्त्राचं स्वतंत्र विद्यालय सुरू केलं होतं. ईश्वरविज्ञान आणि चिकित्सा मानसशास्त्र दोन्ही एकत्र शिकवायचं, एकाने दुसऱ्याला तपासायचं, असा तो विचार. तिसरी बाजू डेव्हिड मायर्स यांची. मिशिगनमधल्या होप कॉलेज या ख्रिस्ती महाविद्यालयात त्यांनी आयुष्यभर शिकवलं आणि त्यांची पाठ्यपुस्तकं जगभर वापरली गेली. ते म्हणतात, एकाच गोष्टीचं स्पष्टीकरण वेगवेगळ्या पातळ्यांवर होऊ शकतं. माणूस प्रार्थना करतो तेव्हा मेंदूत काय घडतं, त्याची सवय कुठून आली, आणि त्या प्रार्थनेचा अर्थ काय, हे तीन प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर मिळालं म्हणून तिसरा खोटा ठरत नाही.

मला विचाराल तर महाविद्यालयाच्या वर्गात मायर्स यांची वाट सर्वांत सरळ आहे. तिथे हिंदू, मुस्लिम, बौद्ध, काहीच न मानणारी, सगळी मुलं बसतात आणि त्यांनी मानसशास्त्र शिकायला नाव घातलंय. फुलरची वाट बायबल कॉलेजात कामाची, कारण तिथे दोन्ही विषय टेबलावर ठेवायलाच विद्यार्थी आलेले असतात. ॲडम्स यांच्या भूमिकेतली बोधाची कळकळ मला समजते. पण तीव्र नैराश्यात असलेल्या, किंवा आवाज ऐकू येतात असं सांगणाऱ्या माणसाला केवळ बोधावर ठेवणं धोक्याचं आहे, आणि भावी पाळकांना हे कोणीतरी शिकवलंच पाहिजे. तुम्ही तिथे गेलात तर ते शिकवू शकाल. पाळकसाहेबांचा प्रस्ताव उडवून लावू नका, असं मी म्हणते ते यासाठी.

विश्वास धरून ठेवून विज्ञानाशी प्रामाणिक राहता येतं का, या शंकेला माझ्या मते गॉर्डन ऑलपोर्ट हे सर्वांत चांगलं उत्तर आहेत. व्यक्तिमत्त्वाचे गुणविशेष शिकवताना तुम्ही त्यांचं नाव दरवर्षी फळ्यावर लिहिता. ते हार्वर्डचे प्राध्यापक आणि चर्चला जाणारे ख्रिस्ती. विद्यापीठाच्या चॅपलमध्ये ते अधूनमधून मनन सांगायचे. आणि याच माणसाने अवघड प्रश्न हातात घेतला: चर्चला जाणाऱ्या लोकांत इतरांबद्दलचा पूर्वग्रह न जाणाऱ्यांपेक्षा सरासरीने जास्त का आढळतो? १९६७ साली रॉस यांच्याबरोबरच्या निबंधात त्यांनी दाखवलं की धर्माचा उपयोग प्रतिष्ठेसाठी, आधारासाठी करणारे आणि धर्म मनापासून जगणारे, असे वेगळे कल असतात, आणि पूर्वग्रह पहिल्या प्रकारच्यांत जास्त दिसतो. विश्वासाने त्यांना प्रश्न टाळायला लावलं नाही, विचारायला लावलं. अगदी अलीकडचं उदाहरण एव्हरेट वर्दिंग्टन यांचं. व्हर्जिनियातल्या सरकारी विद्यापीठात त्यांनी क्षमा या विषयावर आयुष्यभर संशोधन केलं. ते सुरू असतानाच त्यांच्या आईचा घरफोडीत खून झाला, आणि लोकांना क्षमेच्या ज्या पायऱ्या ते शिकवत होते त्या स्वतःला चढाव्या लागल्या. त्यांनी अध्यासन सेमिनरीत नव्हतं घेतलं. तरी त्यांचं काम सेवा नव्हतं, असं पाळकसाहेबसुद्धा म्हणणार नाहीत.

वर्गातल्या त्या मुलाचा प्रश्न मला फार आवडला. धाडसाने विचारलंय, आणि तुम्हाला माणूस म्हणून बघून विचारलंय. पुढच्या तासाला आपणहून तो विषय काढा. सांगा की १९२७ मध्ये फ्रॉइडने धर्म हा माणसाच्या इच्छेतून जन्मलेला भ्रम आहे असं पुस्तकभर मांडलं, आणि पुढच्याच वर्षी झुरिकच्या ऑस्कर फिस्टर नावाच्या पाळकाने त्याला छापील उत्तर दिलं. फिस्टर स्वतः मनोविश्लेषक होता आणि फ्रॉइडचा जवळचा स्नेही. १९०९ पासून फ्रॉइडच्या मृत्यूपर्यंत दोघांचा पत्रव्यवहार चालू होता. फ्रॉइडने ते उत्तर रोखलं नाही, त्याच्याच वर्तुळातल्या नियतकालिकात ते आलं. वर्गाचे दोन गट करा, एकाला फ्रॉइडची बाजू द्या, दुसऱ्याला फिस्टरची, आणि गट ठरवताना मुद्दाम श्रद्धाळू मुलांना फ्रॉइडकडे पाठवा. नंतर तो मुलगा पुन्हा विचारेलच, मॅडम, तुमचं काय? तेव्हा एका वाक्यात सांगा, “मी विश्वास ठेवते, आणि परीक्षेत फ्रॉइडच्या बाजूने चांगलं लिहिलंस तरी तुला पूर्ण गुण देईन.” एवढं बास. लपवायचं नाही आणि तासभर साक्षही द्यायची नाही. शिक्षकाच्या हातात गुण असतात. त्या हाताने धर्माचा आग्रह धरला की मुलाचा होकार मोकळा राहत नाही. अनुदानित संस्थेत धार्मिक शिक्षण कोणावर त्याच्या संमतीवाचून लादता येत नाही, हे राज्यघटनेच्या अठ्ठाविसाव्या कलमातही आहे, पण कायद्याच्या आधी हा त्या मुलाच्या सन्मानाचा प्रश्न आहे.

भावाच्या प्रस्तावाबद्दल फार लिहीत नाही, कारण तुमच्या पत्रात त्याच्यासाठी दोनच ओळी आहेत आणि दोन्हींत जीव नाही. कंपनीतलं समुपदेशन हे हलकं काम नव्हे. पण जाण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करून घ्या. एम. ए. आणि पीएच. डी.वर तुम्हाला चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणवून घेता येत नाही, त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं प्रशिक्षण आणि तिच्याकडची नोंदणी लागते. कंपनी तुमच्या नावापुढे काय लिहिणार आहे आणि गंभीर केस आली तर कोणाकडे पाठवणार आहे, हे विचारा. त्यांच्याकडे प्रशिक्षणवर्ग घेण्याचं काम असेल तर मात्र कान टवकारा. तेही शिकवणंच आहे.

बायबल कॉलेजाला विचारायचे प्रश्न मात्र जास्त आहेत. नेमणूक लेखी आहे का आणि किती वर्षांची? पगार किती, भविष्यनिर्वाह निधी आहे का, राहायला घर दिलं तर मुलाच्या शाळेचं काय? ईश्वरविज्ञानाची पदवी नसताना तुम्हाला नियमित प्राध्यापक मानतील की कायम पाहुण्या? अभ्यासक्रमात मानसिक आजारांची ओळख, दवाखान्यात कधी पाठवायचं, गुप्तता कुठवर पाळायची, हे शिकवायची मोकळीक आहे का? “देवाच्या कामात पगाराचं काय विचारता,” असं उत्तर आलं, तर प्राणिसंग्रहालयातली ती माणसं आठवा. उत्तरं सरळ मिळाली तर लगेच सगळं सोडून न जाता एक सत्र आठवड्यातून एक दिवस शिकवून बघा.

आणि या तीन वाटांपलीकडेही वाटा आहेत. तासिकेवर अडकलेल्या इतर ताई-दादांसाठीही लिहिते. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला मानसशास्त्र असतं, आणि तो विषय शिकवणारं माणूस पुष्कळ नर्सिंग कॉलेजांना बाहेरून बोलवावं लागतं. मिशनच्या दवाखान्यांशी जोडलेली अशी विद्यालयं तुमच्या भागातही सापडतील. इग्नू या मुक्त विद्यापीठाची मानसशास्त्राची एम. ए. आहे, तिच्या अभ्यासकेंद्रांवर सत्रं घ्यायला प्राध्यापक लागतात. बी. एड. केलंत तर कनिष्ठ महाविद्यालयाचा रस्ता खुला होतो. अडतिसाव्या वर्षी पुन्हा बाकावर बसणं जिवावर येईल, पण अकरावी-बारावीची मुलं ही तुमच्यासारख्या शिक्षकाला मिळावीत अशीच मुलं आहेत.

वरिष्ठ महाविद्यालयांचा विचार करताना एक अडचण आधी बघून ठेवा. तुमची सेट महाराष्ट्राची आहे. ती महाराष्ट्र आणि गोव्यापुरती चालते, आणि गोव्यात अनेक जाहिरातींत कोकणीची आणि रहिवासाची अट असते. बंगळूर, हैदराबादकडच्या विद्यापीठांत अर्ज करायचा तर तुमची पीएच. डी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ किंवा २०१६ च्या नियमांप्रमाणे झाली आहे का ते आधी तपासा. तशी असेल तर नेटमधून, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून सूट मिळते, नसेल तर नेट हवी. सहायक प्राध्यापकपदासाठी नेटला वयाची अट नाही, परीक्षा सर्वसाधारणपणे वर्षातून दोनदा होते, आणि अकरा वर्षं तोच अभ्यासक्रम शिकवलेल्या माणसाला ती काही महिन्यांत जमण्यासारखी आहे. हे अर्जाच्या निमित्ताने हातात येणारं पहिलं काम. दुसरं काम कागदपत्रांचं. अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांना महाराष्ट्रात इतर मागासवर्गात स्थान आहे. तुमच्या घराला ते लागू होत असेल तर जात प्रमाणपत्र, वैधता आणि नॉन-क्रिमिलेअर आत्ताच काढून ठेवा. जाहिरात आल्यावर तहसीलच्या फेऱ्या सुरू करणारे किती जण मुदत चुकवतात, ते मी पाहिलंय. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे सहायक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० रुपये आहे. हा आकडा मुद्दाम लिहिला. खासगी विद्यापीठ बोलवेल तेव्हा तो डोक्यात ठेवून बोलायला बसा.

संध्याकाळच्या त्या फोनांबद्दलही थोडं. तुम्ही त्यांच्या शिक्षिका आहात, उपचारक नाही. ऐकून घ्या, धीर द्या, पण जीव द्यावासा वाटतो असं कोणी म्हणालं तर ते एकट्याने पेलू नका. टेलिमानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू आणि मोफत आहे, मराठीत बोलता येतं. तो तुमच्या प्रत्येक वर्गाच्या फळ्यावर कोपऱ्यात लिहून ठेवा, आणि जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग कुठे, कोणत्या वारी चालतो ते स्वतः जाऊन बघून या. धोका दिसला तर घरच्यांना आणि प्राचार्यांना कळवायचं, हे त्या विद्यार्थ्याला आधीच सांगून ठेवा.

राहिले यजमान. मुलगी दहावीत, म्हणजे मार्चपर्यंत घर हलणार नाही हे ठरलेलंच आहे. या मिळालेल्या महिन्यांत त्यांच्याबरोबर एका रविवारी उपासनेनंतर बसा. वर्षाचा घरखर्च, तुमचं वर्षभरात खरोखर हातात आलेलं मानधन आणि तुमचा महाविद्यालयात, प्रवासात, तयारीत जाणारा वेळ, तिन्ही कागदावर मांडा. मग त्यांना विचारा, “मी शिकवते ते तुम्हाला काय वाटतं? आणि हे आणखी किती वर्षं आपल्याला झेपेल?” उत्तर लगेच मागू नका. ते गप्प राहिले तर आठवडाभराने पुन्हा विचारा.

मला वाटतं, पुढच्या जूनच्या मुलाखतीला जावं की नाही हे जूनमध्ये ठरवायचं नाही. नाताळच्या सुट्टीत ठरवा, तोपर्यंत गरज असल्यास नेटचा अर्ज भरलेला असेल, बाहेर दोन-तीन अर्ज गेलेले असतील आणि बायबल कॉलेजाची लेखी उत्तरं हातात आलेली असतील. जायचं ठरलं तर नॅकची फाइल आणि शिबिराचा स्वयंपाक या अटी मुलाखतीतच बोलून घ्या.